चूक कोणाची? आकड्यांना विचारा!

विद्यार्थी मित्रांनो, कोल्हापूर म्हटले की तुमच्या मनात प्रथम काय येते? कोणी अंबाबाईचे देऊळ म्हणेल, कोणी रंकाळा, तर कोणी तालमीतले मल्ल. गूळ आणि कोल्हापुरी चप्पल यांना तर कोणीच विसरणार नाही. पण कोल्हापूरची आणखी एक ओळख आहे. हे लोखंड ओतणाऱ्यांचे गाव आहे!

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली येथे कापडगिरणी काढली. यंत्रे आली, यंत्रांबरोबर ती दुरुस्त करणारे हात तयार झाले. पुढे उसाच्या मळ्यांना नदीचे आणि विहिरीचे पाणी द्यायला इंजिने हवी झाली, तेव्हा येथल्या कारागिरांनी ऑइल इंजिने बनवायला घेतली. इंजिन करायचे म्हणजे बिडाचे भाग ओतायला हवेत. त्यातून शिवाजी उद्यमनगरात ओतशाळा उभ्या राहिल्या. कोल्हापुरात त्यांना फौंड्री म्हणतात. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा हा पसारा पसरला असून लहानमोठ्या मिळून सुमारे तीनशे फौंड्र्या येथे आहेत. ट्रक, ट्रॅक्टर, पंप, इंजिन यांचे कितीतरी भाग येथून देशभर आणि परदेशी जातात.

या फौंड्र्यांत रोज एक प्रश्न उभा राहतो. ओतलेल्या मालातले काही नग सदोष निघतात. का निघतात? चूक कोणाची? या प्रश्नाचे उत्तर आरडाओरडा न करता, केवळ मोजून कसे शोधतात, ते आज आपण पाहू.

बिडाचा नग कसा तयार होतो?

प्रथम हव्या त्या आकाराचा लाकडाचा किंवा धातूचा नमुना करतात. त्याला पॅटर्न म्हणतात. वाळूत थोडी चिकण माती, कोळशाची पूड आणि अगदी बेताचे पाणी मिसळून ती पॅटर्नभोवती घट्ट दाबतात. पॅटर्न अलगद काढून घेतला की वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते. हा झाला साचा. नग आतून पोकळ हवा असेल, तर साच्यात वाळूचाच एक गाभा ठेवतात. त्याला कोअर म्हणतात. मग सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापलेला बिडाचा रस त्यात ओततात. रस थिजला की साचा फोडून नग बाहेर काढतात.

वाचायला सोपे वाटते ना? आता विचार करा. वाळूत पाणी आहे आणि त्याला हा धगधगता रस भिडतो. पाण्याची तत्काळ वाफ होते. एक घनसेंटिमीटर पाण्याची उकळबिंदूला सुमारे सतराशे घनसेंटिमीटर वाफ होते! ही वाफ वाळूच्या कणांमधल्या फटींतून निसटली तर ठीक. पाणी जास्त झाले, किंवा वाळू फारच घट्ट ठोकली गेली, तर वाफ कोंडते आणि रसात शिरून बुडबुड्यासारखी अडकते. नगात पोकळ्या राहतात. त्यांना ब्लो होल म्हणतात. उलट पाणी कमी पडले तर साच्याची वाळू ढासळून रसात पडते. रस थंड असेल तर दोन बाजूंनी आलेले प्रवाह नीट एकजीव होत नाहीत. कोअर हलला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ होते. दोष अनेक, कारणे त्याहून अनेक.

सदोष नग पुन्हा भट्टीत टाकून वितळवता येतो. मग नुकसान कसले, असे तुम्ही विचाराल. विजेच्या भट्टीत एक टन बीड वितळवायला सुमारे सहाशे युनिट वीज लागते. समजा, दहा किलोचे दोनशे नग वाया गेले. म्हणजे दोन टन बीड पुन्हा वितळवायचे आणि बाराशे युनिट वीज पुन्हा खर्च करायची. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज वर्षभर पुरली असती! शिवाय माणसांचे कष्ट, वाळू आणि वेळ गेला तो वेगळाच. आणि असा एखादा पोकळ नग तपासणीतून निसटून ट्रकच्या ब्रेकमध्ये बसला तर? तेव्हा प्रश्न पैशांचा राहत नाही.

कालचे सात, आजचे चौदा

एका फौंड्रीची कल्पना करू. पुढचे सारे आकडे आपण समजण्यासाठी घेतलेले आहेत. येथे रोज एकाच प्रकारचे शंभर नग ओततात. काल सात सदोष निघाले, तेव्हा मालक खुशीत होते. आज चौदा निघाले. झाले! दुप्पट! मालक फोरमनवर रागावले, फोरमन मोल्डरवर, म्हणजे साचे करणाऱ्या कामगारावर. मोल्डर म्हणतो, “रसच थंड होता.” भट्टीवाला म्हणतो, “वाळूच खराब होती.” प्रत्येकाजवळ मत आहे. पुरावा मात्र कोणाजवळच नाही.

अशा वेळी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे नोंद ठेवावी. तीही अगदी साधी. एका कागदावर दोषांची नावे लिहायची आणि सदोष नग सापडला की त्या नावापुढे एक रेघ ओढायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांवर आडवी. गणिताच्या तासाला तुम्ही शिकता त्या ताळ्याच्या खुणा त्या ह्याच! आपल्या फौंड्रीत वीस दिवस अशी नोंद ठेवली. दोन हजार नगांपैकी दोनशे सदोष निघाले. त्यांची विभागणी अशी झाली:

ब्लो होल – ९६
वाळू पडणे – ४८
रस एकजीव न होणे – २२
कोअर सरकणे – १६
थिजताना आकसून पडलेली पोकळी – १०
इतर – ८

पाहा, सहा ओळींतले पहिले दोन दोष मिळून १४४ नग वाया गेले, म्हणजे शंभरात बहात्तर. एकट्या ब्लो होलने जवळजवळ निम्मे नग खाल्ले. मग सगळ्याच दोषांमागे एकदम धावण्यात काय अर्थ? आधी सर्वांत मोठा दोष धरावा. अशा रीतीने मोठ्याकडून लहानाकडे मांडलेल्या स्तंभालेखाला पॅरेटोचा आलेख म्हणतात. पॅरेटो हा इटालियन अर्थशास्त्रज्ञ. देशातली बरीचशी संपत्ती थोड्याच लोकांच्या हाती असते, असे त्याला आढळले होते. कारखान्यातल्या दोषांचेही असेच असते, हे पुढे जोसेफ जुरान या अमेरिकन तज्ज्ञाने दाखवून दिले.

दोन प्रकारचे चढउतार

पण मूळ भांडण राहिलेच की! कालचे सात आणि आजचे चौदा यांचे काय?

तुमच्याच वर्गाचे उदाहरण घ्या. पन्नास मुलांच्या वर्गात रोज कोणी ना कोणी गैरहजर असते. कधी तीन, कधी सहा, कधी आठ. एकाला ताप, एकाच्या घरी लग्न, एकाची एसटी चुकली. या चढउतारामागे एकच असे मोठे कारण नसते. लहान लहान कारणे रोज वेगवेगळ्या तऱ्हेने जुळून येतात. पण पंचगंगेला पूर येऊन रस्ते बंद झाले आणि एके दिवशी वीस मुले आली नाहीत, तर ती गोष्ट निराळी. तिला ठळक, सांगता येण्याजोगे कारण आहे.

कारखान्यातही असे दोन प्रकारचे चढउतार असतात. एक नेहमीचा, कामाच्या पद्धतीतच मुरलेला. दुसरा खास कारणाने येणारा. हे दोन ओळखायचे कसे? त्यासाठी थोडे गणित करू.

आपल्या फौंड्रीत रोज शंभर नगांमागे सरासरी १० सदोष असतात. म्हणजे सदोषांचे प्रमाण ०.१ आणि चांगल्यांचे ०.९. आता १०० × ०.१ × ०.९ = ९. नऊचे वर्गमूळ ३. याला प्रमाण विचलन म्हणतात. सरासरीभोवती आकडे साधारण किती पसरतात, ते हे सांगते. त्याची तिप्पट ९. सरासरीत ९ मिळवा: १९. सरासरीतून ९ वजा करा: १. झाल्या आपल्या दोन मर्यादा! आलेखाच्या कागदावर १० वर मधली रेघ, १९ वर वरची आणि १ वर खालची रेघ काढायची आणि रोज एक ठिपका द्यायचा. हा झाला नियंत्रण तक्ता.

आता पाहा. सात आणि चौदा हे दोन्ही ठिपके मर्यादांच्या आतच पडतात. म्हणजे काल कोणी पराक्रम केला नव्हता आणि आज कोणी गुन्हा केला नाही! पद्धत तीच, नशीब थोडे इकडचे तिकडे. या चौदांसाठी मोल्डरला बोलणे म्हणजे फासा वाईट पडला म्हणून फासा टाकणाऱ्याला रागावणे होय. पण एखाद्या दिवशी तेवीस सदोष निघाले तर मात्र थांबावे आणि त्याच दिवशी शोध घ्यावा. निव्वळ योगायोगाने ठिपका मर्यादेबाहेर जाणे हजारांत जेमतेम दोन-तीनदाच घडते. तेव्हा कोळशाची पूड बदलली होती का? भट्टीचे तापमान मोजायचे राहिले का? कारण सापडण्याची शक्यता दांडगी असते.

माणूस बदलला, दोष बदलला नाही

आपल्या फौंड्रीतले वीसही ठिपके मर्यादांच्या आत पडले. मग सारे ठीक आहे म्हणून स्वस्थ बसायचे का? मुळीच नाही. शंभरात दहा नग वाया जाणे हा नित्यनियम झाला आहे, एवढेच तक्ता सांगतो. दोष कोणा एका दिवसाचा नाही, तो पद्धतीत आहे. तो काढायचा तर पद्धतच उलगडून पाहिली पाहिजे.

येथे जपानी अभियंता काओरू इशिकावा यांचे चित्र कामी येते. माशाच्या काट्यासारखे दिसते म्हणून त्याला माशाचा सांगाडा असेही म्हणतात. डोक्याच्या जागी दोष लिहायचा: ब्लो होल. कण्याला जोडलेल्या मोठ्या काट्यांवर माणूस, यंत्र, माल, पद्धत अशी नावे द्यायची आणि त्यांच्या बारीक काट्यांवर सुचतील ती सारी कारणे. हे चित्र साहेबाने एकट्याने काढायचे नसते. वाळू कालवणारा, रस ओतणारा, साचा फोडणारा अशा सर्वांना भोवती बसवून काढायचे असते. कारण वाळूची नस वाळूवाल्यालाच ठाऊक!

आता कारणांची यादी झाली, पण खरे कारण कोणते? आपल्या फौंड्रीने ९६ ब्लो होलची वेळेनुसार फोड केली. सकाळी आणि दुपारी सारखेच, हजार-हजार नग ओतले होते. सकाळच्या नगांत ब्लो होल निघाले २६ आणि दुपारच्या नगांत तब्बल ७०!

लगेच कुजबुज सुरू झाली. “दुपारचा मोल्डरच आळशी. त्याला काढून टाका!” हा निकाल त्या दिवशी लागला असता तर एका माणसाची भाकरी गेली असती. पण फोरमनने निकाल दिला नाही, प्रयोग केला. दोन्ही मोल्डरांच्या पाळ्या बदलल्या. सकाळचा दुपारी आला, दुपारचा सकाळी गेला. पुन्हा ताळ्याच्या खुणा केल्या. काय दिसले? ब्लो होल माणसाबरोबर सकाळी गेले नाहीत, ते दुपारीच राहिले. मोल्डर निर्दोष ठरला!

मग दुपारी वेगळे काय असते? उत्तर वाळूने दिले. सकाळी फोडलेल्या साच्यांची वाळू दुपारी पुन्हा वापरात येते तेव्हा ती गरम असते. गरम वाळूतले पाणी भराभर उडते, म्हणून ती हाताला कोरडी लागते. वाळू कालवणारा मग अंदाजाने आणखी पाणी ओततो. शिवाय गरम वाळूतून उठणारी वाफ थंड कोअरवर जाऊन दवासारखी साचते. हा नुसता तर्क नाही ना, हे पाहायला वाळू तोलली. ५० ग्रॅम ओली वाळू दिव्याखाली पूर्ण वाळवून पुन्हा तोलायची. सकाळची भरली ४८.२५ ग्रॅम, म्हणजे पाणी साडेतीन टक्के. दुपारची भरली ४७.५ ग्रॅम, म्हणजे पाणी पाच टक्के! रोग सापडला.

उपाय साधा होता. फोडलेली वाळू पसरून थंड होऊ द्यायची आणि पाणी अंदाजाने नव्हे, मापाने घालायचे. पुढच्या वीस दिवसांत दुपारचे ब्लो होल सकाळइतकेच, २६ झाले. एकूण सदोष नग २०० वरून १५६ वर आले. शंभरात दहाऐवजी आठच्याही आत. तक्त्यावर सलग आठ ठिपके जुन्या मधल्या रेघेच्या खाली पडले. नाणे उडवून सलग आठ वेळा छापा पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक असते. म्हणून ही सुधारणा योगायोगाची नाही, असे म्हणता येते. आता नवी सरासरी, नव्या मर्यादा आणि पुढचा शत्रू: वाळू पडणे. मात्र पाणी फार कमी केले तर वाळू ढासळते, हे आपण वर पाहिलेच. म्हणून एक दोष घटवताना दुसरा वाढत नाही ना, हेही तक्त्यावर पाहत राहावे लागते.

टेलिफोनपासून फौंड्रीपर्यंत

ही युक्ती कोणाला सुचली? वॉल्टर शूहार्ट हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत होता. मे १९२४ मध्ये त्याने आपल्या वरिष्ठांना एक छोटेसे टिपण दिले. त्यात जगातला पहिला नियंत्रण तक्ता होता. शेवटी नग तपासून वाईट बाजूला काढण्यापेक्षा, वाईट नग निर्माणच का होतो हे शोधावे, हा त्याचा विचार. प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आला होता आणि आपल्या उद्योगांना त्याने या पद्धतीची ओळख करून दिली होती.

शूहार्टचा सहकारी एडवर्ड्स डेमिंग याने १९५० साली जपानमध्ये हीच विद्या शिकवली. युद्धात होरपळलेल्या जपानने ती मनापासून घेतली आणि १९५१ पासून डेमिंगच्या नावाने पारितोषिक सुरू केले. १९६२ पासून तेथे कामगारांचीच लहान मंडळे आपल्या कामातले दोष शोधू लागली. भारतात अशी गुणवत्ता मंडळे १९८० साली हैदराबादच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये सुरू झाली. पुढे १९९८ साली सुंदरम-क्लेटन या भारतीय कंपनीने डेमिंग पारितोषिकही मिळवले.

आणि कोल्हापूरकरांनो, या विद्येचा पाया असलेल्या संख्याशास्त्रात तुमच्या गावचेही एक मोठे नाव आहे. प्राध्यापक वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म १९१९ साली कोल्हापुरात झाला. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी नावारूपाला आणला आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला.

आकडे खोटे केव्हा बोलतात?

या साऱ्या पद्धतीला एकच गोष्ट मारक आहे, ती म्हणजे भीती. रेघ ओढली की बोलणी खावी लागतात, हे कळले तर कामगार रेघ ओढणारच नाही. सदोष नग गुपचूप भट्टीत जाईल, तक्ता सुंदर दिसेल आणि ब्लो होल जसेच्या तसे राहतील. डेमिंग म्हणूनच कारखानदारांना बजावत असे की, आधी कामाच्या जागेवरची भीती घालवा. खरी नोंद करणाऱ्याला अभय हवे. आपल्या गोष्टीतल्या वाळू कालवणाऱ्याने “मी अंदाजाने पाणी घालतो” हे खरे सांगितले, म्हणूनच वाळू तोलण्याचे कोणाला सुचले.

करून पाहा

सारख्या आकाराचे दोनशे चिंचोके घ्या. त्यांतल्या चाळीस चिंचोक्यांना चुन्याचा ठिपका द्या. हे आपले ‘सदोष नग’. सगळे एका पिशवीत घालून चांगले हलवा. आता मित्रांपैकी प्रत्येकाने डोळे मिटून २५ चिंचोके काढावेत, ठिपकेवाले किती आले ते लिहावे आणि सर्व चिंचोके परत पिशवीत टाकावेत. असे वीस वेळा करा.

सरासरी ५ च्या आसपास येईल. मर्यादा काढा: २५ × ०.२ × ०.८ = ४, वर्गमूळ २, तिप्पट ६. वरची मर्यादा ११. खालची उणे येते, म्हणून शून्य धरा. आता ठिपके देऊन आलेख काढा. कोणाला दोन आले असतील, कोणाला आठ. दोनवाल्याला बक्षीस आणि आठवाल्याला शिक्षा द्याल का? दोघांनीही डोळे मिटूनच चिंचोके काढले होते! ‘सदोष’ कमी यायला हवे असतील तर एकच मार्ग आहे. पिशवीतले ठिपकेवाले चिंचोके कमी करा. तसे वीस करून पुन्हा खेळा. सरासरी आणि मर्यादा किती येतात, ते आधी गणिताने काढून ठेवा आणि मग ताडून पाहा.